कुटाला कुणी शेंगा म्हणत नाही

पोरीचे ओठ सुजून बाहेर आले होते आणि दर श्वासाला तिच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता. ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती. मान, कान, दंड, सगळी कातडी लाल झाली होती, खाजकुयली लागावी तशी. माझी धाकटी जाऊ तिच्यासमोर उभी राहून मला ओरडून सांगत होती, "आक्का, तुझी शपथ, एक शेंग न्हाय घातली कशात! देवाशपथ न्हाय घातली!" शेजारची बाई रिकामी वाटी हातात धरून तशीच उभी होती.

मी म्हटलं, "पिशवी! तुम्हारा पिशवी किधर है?"

पोरीनं आतल्या खोलीकडं बोट केलं. पिशवी खुंटीला होती. माझे गुडघे असे, की एरवी उंबरा ओलांडताना मला चौकट धरावी लागते. त्या दिवशी आत कशी गेले आणि बाहेर कशी आले ते मला सांगता येणार नाही. पिशवीत वही, पाण्याची बाटली, छत्री, विंचरायची फणी, असलं सगळं वर आणि जे पाहिजे ते तळाला. जाड पेनासारखी नळी. तिचं टोपण ओढलं. पोरगी माझ्याकडं बघत होती. बोलता येत नव्हतं तिला. तिनं आपल्या मांडीवर बाहेरच्या बाजूला थाप मारून जागा दाखवली. नळी उलटी धरली नाही ना, एवढं मी एकदा बघितलं आणि सलवारीवरनंच दाबली. आत खटकन वाजलं. मी हात हलवला नाही.

जाऊ किंचाळली, "अगं काय टोचलंस तिला? मरंल की पोरगी!"

"गप. गाडी बघ कुणाची तरी."

आता ही पोरगी कोण आणि राधानगरीकडच्या आमच्या गावात त्या पडवीत कशी येऊन बसली, ते सांगते.

ती डेन्मार्कची. इकडं शिकायला आली होती. इचलकरंजीत मागावर काम करायला बिहारकडनं, उत्तर प्रदेशाकडनं माणसं येतात, त्यांच्या बायका घर कसं चालवतात असा काहीतरी तिचा अभ्यास होता. ती माणसं हिंदी बोलतात म्हणून हिला हिंदी पाहिजे. दिल्लीत शिकून आली असती तर बरं झालं असतं. पण तिच्या कॉलेजानं तिला सरळ कोल्हापुरात धाडलं. इथल्या कॉलेजातल्या एक मॅडम पूर्वी आमच्या गल्लीत राहायच्या. त्या माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, मावशी, वरची खोली द्या. मी नाही म्हटलं. परत आल्या, मी परत नाही म्हटलं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मला नाही म्हणायचाही कंटाळा आला होता. नवरा जाऊन बरीच वर्षं झालीत, तो फौंड्रीत होता. मुलगा पुण्यात असतो. या वयात घरात नवीन माणूस घ्यायची मला काही हौस नव्हती.

"तिला घरचं वातावरण पाहिजे, मावशी," मॅडम म्हणाल्या.

"वातावरण काय, वरच्या खोलीत दुपारी ऊन येतंय. चालंल?"

चाललं.

गल्लीला हसायला निमित्त झालं. समोरचा किराणावाला दुकानातनंच ओरडला, "काय मावशी, पावणी कोल्हापुरात येऊन हिंदी शिकतीया व्हय? मग आमी मराठी शिकायला पंजाबात जातो की!" मी म्हटलं, "जा. परत येऊ नगंस." पण तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं. पोरगी भाजीवालीला हिंदीत विचारायची, भाजीवाली मराठीत उत्तर द्यायची. रिक्षावाल्याशी हिंदीत बोलली की तो आपलं इंग्रजी काढायचा. ज्या भाषेसाठी ती एवढ्या लांब आली, ती भाषा तिच्याशी बोलायला कुणी मोकळं नव्हतं.

राहिले मी. आणि माझी हिंदी कसली? मी चौथी शिकले. आमच्या वेळी हिंदी पाचवीला यायची. मी चौथीत शाळा सोडली, त्यामुळं तिची माझी गाठ पडली नाही. मला जेवढी येते तेवढी घर रंगवायला आलेल्या माणसांकडनं, फरशी बसवणाऱ्यांकडनं आणि टीव्हीतल्या सासवांकडनं आलेली. पहिल्या दिवशी सकाळी पोरगी जिना उतरून खाली आली, हात जोडले आणि एकेक शब्द पारखून मांडावा तशी म्हणाली, "नमस्ते दादीजी. क्या मुझे थोड़ा जल मिल सकता है?"

मी म्हटलं, "दादीजी टीव्ही में. इधर आजी बोलने का. और जल नहीं, पाणी. माठ उधर है, लेव."

तिनं माठाकडं बघितलं नाही. आधी वही काढली आणि "लेव" लिहून घेतलं.

तिला शिकवायला एक निवृत्त सर होते. जुन्या वळणाचे, धोतर नेसत नव्हते एवढंच. त्यांचा नियम असा, की रोज संध्याकाळी घरातल्या मोठ्या माणसाशी थोडा वेळ हिंदीत बोलायचं आणि दुसऱ्या दिवशी ते वर्गात सांगायचं. घरात मोठं माणूस मी एकटीच. म्हणजे तिचा अभ्यास आणि माझी शिक्षा. संध्याकाळी जरा पाय पसरून बसावं तर ती समोर पाट ओढून बसायची.

"आजी, आज आपने क्या किया?"

"बर्तन घासा."

"और कल?"

"कल भी घासा."

"और कल... आने वाला कल?"

"वो भी घासेगी. मरने तक."

हेही तिनं लिहून घेतलं. पुढं एकदा सरांचा निरोप आला, की मावशींना सांगा, पोरीची हिंदी बिघडवू नका, ती वर्गात "मेरे को" म्हणायला लागलीय. मी उलटा निरोप पाठवला, की मग तुमच्या घरी ठेवून घ्या, शुद्ध राहील.

तिच्या बापाकडं गाई होत्या, पुष्कळ. हे तिनं मला तिसऱ्या-चौथ्या दिवशी सांगितलं. मी विचारलं, म्हशी किती? म्हशी नाहीत म्हणाली. एक पण नाही? एक पण नाही. मग दुधाला दाटपणा कुठनं येणार, असं मला म्हणायचं होतं, पण दाटपणाला हिंदीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. म्हणून मी नुसती मान हलवली. आमचं निम्मं बोलणं असंच संपायचं. तिला सांगायचं असायचं, शब्द नसायचा. मला सांगायचं असायचं, शब्द नसायचा. दोघी दमून गप्प बसायचो. तेवढ्यात वेळ संपायचा.

आठवड्यातले बरेच दिवस ती एसटीनं इचलकरंजीला जायची. परत आली की तोंड उतरलेलं असायचं. माग चालू असले की शेडमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, तिथं माणसं हातानंच बोलतात. आणि घरी गेली तर बायका आपापसात जे बोलायच्या ते सरांच्या पुस्तकातलं नव्हतं. बिहारकडची बोली वेगळी. पोरीला वाटायचं, आपण शिकलो ते वाया गेलं. एकदा जिन्याच्या पायरीवर बसून म्हणाली, "आजी, मुझे कोई नहीं समझता." मी कणीक मळत होते. म्हटलं, "मेरे को भी कोई नहीं समझता. हाथ धोव, जेवायला बैठो."

आता शेंगांचं.

तिला शेंगदाणा चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे आवडत नाही असं नव्हे. एक दाणा पोटात गेला तर गळा सुजून श्वास बंद. हे मॅडमनी मला सांगितलं नव्हतं. बहुतेक त्यांना वाटलं पोरगी सांगेल, आणि पोरीला वाटलं मॅडमनी सांगितलं असेल. पहिल्या दिवशी पोरीचं जेवण बाहेर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी फोडणीला टाकत होते तेव्हा ती दारात उभी राहून पाठ केल्यासारखं म्हणाली, "आजी, मैं मूँगफली नहीं खा सकती. क्या आपके खाने में मूँगफली है?"

"शेंगा? शेंगा किधर? नहीं," मी म्हटलं आणि बोलता बोलता डब्यातलं कूट मूठभर घेतलं.

"यह क्या है?"

"कूट."

"किसका?"

मी दाण्याची बरणी दाखवली. तिचा चेहरा पांढरा फटक पडला. ती तिथनं मागं सरली आणि अंगणात जाऊन उभी राहिली.

आमच्याकडं कुटाला कुणी शेंगा म्हणत नाही. शेंगा म्हणजे ज्या भाजून गुळाच्या खड्याबरोबर खातात त्या. कूट हे मिठासारखं आहे. भाजीत पडतं, आमटीत पडतं, कोशिंबिरीत पडतं, आणि भाजीत काय काय आहे असं कुणी विचारलं तर सांगणारी बाई कांदा सांगेल, खोबरं सांगेल, चटणी सांगेल, कुटाचं नाव घेणार नाही. ते आहेच. त्याचं काय नाव घ्यायचं? कोल्हापुरातल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी तिनं मान हलवून नाहीच म्हटलं असतं.

त्या संध्याकाळचा अभ्यास मग पुस्तकाबाहेरचा झाला. तिनं ती नळी, म्हणजे गळा सुजला की लगेच टोचायचं इंजेक्शन, आणून माझ्यापुढं ठेवली आणि हिंदीत सगळं समजावून सांगितलं. टोपी निकालो. जाँघ पर, बाहर की तरफ़. ज़ोर से. पकड़कर रखो. फिर अस्पताल. मग मला म्हणाली, आता आप बोलिए. मी म्हटलं. मग परत म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशी परत. मी वैतागले. "कितने बार? मैं क्या पहिली में है?" पण ती ऐकेना. सरांनी तिला त्या पाठाबद्दल शाबासकी दिली म्हणे, क्रियापदं सगळी बरोबर आली म्हणून.

मी कुटाचा डबा शेजारी देऊन टाकला. खलबत्ता घासला, कढया घासल्या, शेंगतेल बंद करून दुसरं तेल आणलं. तिळाचं कूट करून बघितलं, कडवट लागायचं. मग तेही सोडलं आणि नुसतं खोबरं लावायला लागले. माझ्या तोंडाची चवच गेली. गल्लीतली शेजारीण म्हणाली, "मावशी, एवढं कोण करतंय भाडेकरूसाठी?" मी म्हटलं, "मेली तर माझ्याच घरात मरंल, मग तू येशील का निस्तरायला?"

पोरगीही बाहेर खाताना सगळीकडं विचारायला शिकली. मूँगफली म्हटलं तर कुणाला कळेल, कुणाला नाही, म्हणून मी तिला "शेंगा" शिकवलं. दोन्ही शब्द म्हणायची. हॉटेलात, एसटी स्टँडवर, मागवाल्यांच्या घरी. विचारून विचारून जीव मेटाकुटीला यायचा तिचा, दिसायचं ते. कूट हा शब्द शिकवायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

नंतर माझ्या जावेचा फोन आला. तिला कळलं होतं, आक्काकडं गोरी पावणी आहे. "घेऊन ये की. गावाकडचं काय बघंल ती? कोंबडं कापतो." मी म्हटलं, कोंबडं काप नाहीतर बोकड काप, पण कशात शेंगा नको, कूट नको, शेंगतेल नको. कूट म्हणजे कूट, कळलं का? जाऊ म्हणाली, "आक्का, मी काय येडी हाय व्हय?" ती वेडी नव्हती. तिनं भांडी पण नवी काढली होती, हे मला नंतर कळलं.

आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. भात कापून झालं होतं, रानं मोकळी पडली होती. पोरीला गोठ्यात नेलं. म्हशीला हात लावून ती उभी राहिली आणि पहिल्यांदाच मला ती कुठल्यातरी घरातली वाटली. बापाच्या गोठ्यात वाढलेली पोरगी. जनावर कुठं खाजवावं ते तिला माहीत होतं. जावेचा दीर म्हणजे माझा सगळ्यात धाकटा दीर, तो म्हणाला, "पावणीला ठेवून घ्या की हितंच, धार काढंल." पोरगी मला विचारायला लागली, काय म्हणतात? मी म्हटलं, "बोलते हैं, तुम काम की है." ती लाजली.

आमच्या गावात कुणाकडं पावणं आलं, की आजूबाजूच्या बायका आपापल्या घरचं कालवण वाटीभर आणून वाढतात. बोलावणं लागत नाही. पावणं कुणाचंही असो, गावाचं असतं. वाटी परत पाठवायची नसते, पाठवली तर वर्षभर बोलणं बंद. जावेनं आपल्या चुलीवरचं सगळं सांभाळलं, पण वाटीचं तिच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही. मी गोठ्यामागं हात धुवायला गेले होते. जाऊ चुलीशी भाकरी थापत होती, तिची पाठ होती पडवीकडं. पोरगी पाटावर बसली होती आणि शेजारीण वाटी घेऊन आली.

"पावणं, घ्या की. दोडक्याची भाजी हाय. आमच्या परड्यातला दोडका."

पोरीनं विचारलं. न विचारता तिनं कधीच काही खाल्लं नाही, आणि त्या दिवशीही तिनं विचारलं. "मौसी, इसमें मूँगफली है? शेंगा?"

शेजारणीला हिंदी फार येत नव्हती, पण शेंगा कळलं. ती हसून म्हणाली, "शेंगा? न्हाय वो पावणं. दोडक्यात कुठल्या शेंगा? खावा बिनघोर."

जावेनं हे ऐकलं. चुलीकडनंच तिला बरं वाटलं, की पोरगी आपलं आपण विचारतीया, शहाणी आहे. पोरगीलाही बरं वाटलं असणार. तिचं वाक्य समोरच्या बाईला कळलं होतं आणि समोरच्या बाईचं उत्तर तिला कळलं होतं. मध्ये मी नव्हते. तिनं दोन घास खाल्ले.

मी हात पुसत आले तेव्हा ती गळा चोळत होती.

टोचल्यावर थोड्या वेळानं शिट्टी कमी झाली. जाऊ म्हणाली, बरं वाटतंय आता, झोपवा तिला आत. मी म्हटलं, नाही. फिर अस्पताल, असं पोरीनं मला किती वेळा म्हणायला लावलं होतं. ते वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलेलं. धाकट्या दिरानं रस्त्यावरची एक पिकअप थांबवली. मागं जनावरांच्या पेंडीची पोती होती. पोरीला दोघांनी धरून पुढं बसवायला आणली आणि मी गाडीवाल्याला विचारलं, "पेंड कसली?"

"काय?"

"पोत्यात पेंड कसली हाय? शेंगेची का सरकीची?"

"सरकीची."

"नक्की?"

"मावशी, पोरगी बघा काय झालीया आणि तुमी पेंड इचारताय? बसा की!"

माझा आता कुणाच्या नाही म्हणण्यावर विश्वास नव्हता. मी मागं जाऊन पोत्याला नाक लावलं. सरकीच होती. मग बसले. गाडीवाला मला वेड लागलंय अशा नजरेनं बघत होता. त्यानं दिराला विचारलं, "म्हातारी बरी हाय न्हवं?" दीर म्हणाला, "तू चल."

पोरगी माझ्या खांद्यावर होती. तिला झोप येत होती आणि मला ते आवडलं नाही. मी बोलत राहिले. हिंदीत. मला जेवढं येत होतं तेवढं सगळं. तुम्हारा नाम क्या है. तुम्हारे पिताजी क्या करते हैं. आज तुमने क्या किया. सरांच्या पहिल्या पुस्तकातली वाक्यं, तिच्या तोंडून रोज ऐकून मला पाठ झालेली. ती उत्तर देत नव्हती, पण माझं बोट दाबत होती. माझी हिंदी संपली. मग मी मराठीत चालू ठेवलं. घाट, वळणं, पुढं ऊस भरलेला ट्रॅक्टर आडवा. गाडीवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचलला नाही.

राधानगरी यायच्या आधी शिट्टी परत सुरू झाली. पहिल्यापेक्षा मोठी. ओठ निळसर दिसायला लागले. पिशवीत दुसरी नळी होती, हे तिनं मला शिकवलेलं नव्हतं, पण मघाशी पिशवी उपसताना मी ती बघितली होती. मी परत टोपण ओढलं. "दूसरी दूँ क्या?" तिनं मान हलवली की नुसती ती गाडीच्या धक्क्यानं हलली, मला अजून माहीत नाही. मी टोचली.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पोरीला बघितलं आणि पळतच आत नेलं. नळ्या लावल्या, ऑक्सिजन लावला, हातात सुई. मला बाहेर बाकावर बसवलं. दीर चहा घेऊन आला. मी घेतला नाही. कितीतरी वेळानं डॉक्टरीण बाहेर आली.

"इंजेक्शन कुणी दिलं?"

"मी."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"कुठं शिकलात?"

"घरात. तिचा अभ्यास होता तो."

तिला काय कळलं कोण जाणे. म्हणाली, आत्ता ठीक आहे, पण आजची रात्र इथं ठेवू, हे परत उलटतं कधी कधी. आत जाऊन बसा हवं तर.

पोरगी पडून होती. सूज उतरत होती, डोळे मात्र अजून बारीक. आवाज घोगरा. तिनं मला बघितलं. मग म्हणाली, "आजी, मैंने पूछा था."

"मालूम है."

"मैंने ठीक पूछा था."

"ठीक पूछा. वो भी ठीक बोली."

"तो फिर?"

मी काय सांगणार? मला मराठीतसुद्धा ते नीट सांगता आलं नसतं. मी म्हटलं, इधर पूछने का, कूट डाला क्या. शेंगा मत पूछो. तिनं डोळे मिटले. मग डोळ्यांच्या कोपऱ्यातनं पाणी उशीवर गेलं, आवाज न करता. म्हणाली, "मैं थक गई हूँ. हर जगह पूछती हूँ. हर दिन. हर आदमी को."

"मैं भी थकी," मी म्हटलं. खरंच थकले होते. तिच्या पायाशी खाटेवर डोकं टेकलं. नर्सनं येऊन उठवलं, म्हणाली, आजी, इथं झोपता येणार नाही, बाहेर बाक आहे.

पोरीची आई फोनवर दिसत होती. रडत नव्हती, पण चेहरा ओढलेला. पोरगी तिच्याशी आपल्या भाषेत बोलली, मग मला हिंदीत सांगितलं, आई म्हणते परत ये. दीर शेजारी उभा होता, त्याला मी मराठीत सांगितलं. त्यानं ते फोनवर जावेला सांगितलं. तिकडनं जावेचा आवाज मला एवढ्या लांब ऐकू आला, "व्हय, जाऊ दे तिला, सुखानं जाऊ दे!" हे मी पोरीला हिंदीत काही सांगितलं नाही. ते आपलं तिनं ठरवायचं होतं. तिनं आईला काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण ती गेली नाही. कोल्हापूरला आल्यावर काही दिवस अंथरुणात होती, मग परत इचलकरंजीची एसटी धरली. मला वाटलं होतं, आता सुटका झाली. झाली नाही. संध्याकाळी पाट ओढून परत समोर.

गावाकडची ती शेजारीण तिला भेटायला कोल्हापुरात आली होती. बरोबर जाऊ. दोघींचं तोवर बोलणं नव्हतं, एका गाडीतनं येऊनही नव्हतं. शेजारीण दारातच बसली, आत येईना. "पावणं, माझ्या हातनं झालं," एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. पोरगीला शब्द कळले की नाही माहीत नाही. ती उठून तिच्याजवळ जाऊन बसली. तिनं काही विचारलं नाही. मी तिघींना चहा दिला. जाऊ शेजारणीला म्हणाली, "पी की आता. गार झाला." तिथनं त्यांचं बोलणं सुरू झालं.

अभ्यास संपल्यावर पोरगी तिच्या देशाला गेली. फोन करते अधूनमधून, हिंदीत. तिची हिंदी आता माझ्यापेक्षा चांगली आहे आणि मला ती निम्मी कळत नाही.

त्या दुपारी पडवीत आम्ही चौघी होतो. जाऊ नंतर तापानं गेली, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. शेजारीण आहे. मी आहे. पोरगी जिवंत आहे.